देझिरेचं लाकूड

खाणीतलं लाकूड बोलतं, हे आमच्या बोरिनाजच्या कोळसापट्ट्यात कोणाला शिकवावं लागत नाही. खाली बोगद्याच्या छताला पाइनचे धिरे, म्हणजे टेकू, दिलेले असतात. वरचा दगड सरकायला लागला की ते आधी कुरकुरतात, मग कडकडतात आणि मग मोडतात. ओक पाइनपेक्षा दणकट खरा, पण तो मुका. काही न सांगता मोडतो. म्हणून आमच्या खाणीत ओकला कोणी विचारत नाही. कुरकुर आणि कडकड यांच्यामध्ये जो काय थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात माणसानं हातातलं टाकून पळायचं असतं. गावातल्या प्रत्येक घरची चूल त्या थोड्या वेळाच्या भरवशावर पेटते.

देझिरे कोलारनं ही कुरकुर तोंडानं काढली आणि तिच्यावर अख्खं आयुष्य उभं केलं.

लहानपणापासून त्याच्या गळ्यात काहीतरी वेगळंच होतं. नुकतंच अंडं घातलेल्या कोंबडीसारखा तो असा काही ओरडायचा की आई टोपली घेऊन खुराड्याकडे धावायची. पाद्रीबाबांचा खोकला तो पाद्रीबाबांच्या आधी खोकायचा, आणि चर्चमधली मंडळी उठून उभी राहायची. बाप छातीतल्या कोळशानं आणि कबुतरांच्या शर्यतींनी पार वाकलेला. त्याचं पोराकडे लक्ष नव्हतं. आई लवकर गेली, आणि पोराला वाढवलं थोरल्या बहिणीनं, अल्फोंसीननं, एका हातानं पावाला लोणी लावून देत आणि दुसऱ्या हातानं कानफटात देत.

वेळ झाली तसा तोही सगळ्यांसारखा सेंत-ओद खाणीत उतरला. त्याला झेनोबच्या हाताखाली दिलं. झेनोब धिरे लावणारा. आडव्या हाडाचा, बोलायला महाकंजूष. तो तेव्हा अल्फोंसीनच्या मागे होता, म्हणजे दर रविवारी येऊन त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत गप्प बसायचा. खाणीत मात्र झेनोबनं हात वर केला की शंभर माणसं गप्प व्हायची. हात वर म्हणजे लाकूड काहीतरी म्हणतंय.

"ऐक," तो देझिरेला म्हणायचा. "डोळे मीट आणि ऐक. ही कुरकुर तुला झोपेतही ऐकू आली पाहिजे. ऐकलीस की विचार करायचा नाही. पळायचं."

बाकीची पोरं तो आवाज ऐकून घाबरायला शिकली. देझिरे तो आवाज काढायला शिकला. जीभ टाळूला चिकटवायची, घसा आवळायचा आणि हवा अगदी थोडी थोडी सोडायची. पहिल्यांदा जमला तेव्हा तो घरी चुलीपाशी उभा होता. अल्फोंसीनच्या हातातलं सूपचं भांडं खाली पडलं. ती खाणीत कधी उतरलेली नव्हती, पण बाप झोपेत तो आवाज काढून किंचाळत उठायचा, त्यावरून तिला तो ठाऊक होता. तिनं सूप पुसलं आणि देझिरेला असं काही बडवलं की दुसऱ्या दिवशी त्याला टोपी घालवेना.

ऐकेल तर तो देझिरे कसला!

फुल्जांस ब्रिदू म्हणून एक मुकादम होता. माणसं पाव खायला बसली की हा यायचा, सगळ्यांत कोरडी जागा बघून बसायचा, काठीनं धिरे ठोकून "पक्कं आहे, पक्कं आहे" म्हणायचा आणि कोणी किती कमी कोळसा काढला ते ऐकवायचा. एक दिवस त्याच्या डोक्यावरचा धिरा कुरकुरला. माणसं दचकून उठली. फुल्जांस मात्र त्यांच्याही आधी असा सुटला की पाव, दिवा आणि एका पायातला लाकडी बूट तिथंच राहिला. मग अंधारात देझिरे हसला, आणि सगळ्यांना कळलं. माणसं कोळशावर लोळून लोळून हसली. फुल्जांस परत आला तो म्हणाला, "हसताय काय? पोट बिघडलं होतं माझं."

झेनोब हसला नाही. त्यानं देझिरेला बाजूला नेऊन एक ठेवून दिली.

"या आवाजाची थट्टा करायची नाही."

"का? लाकूड रुसेल?"

"लाकूड कशाला रुसतंय? कान बिघडतात."

देझिरेनं गाल चोळला आणि मान डोलावली. पण तोवर त्याच्या कानात दुसराच आवाज भरला होता, त्या हसण्याचा. जन्मात कोणी त्याच्यासाठी असं हसलं नव्हतं.

डिसेंबरात संत बार्बचा सण येतो. ती खाणवाल्यांना सांभाळणारी. त्या दिवशी कोणी खाली उतरत नाही. सकाळी चर्च, दुपारपासून बिअर आणि मग सभागृहात नाच-गाणी. त्या वर्षी देझिरे मंचावर चढला. आखूड कोट, कमरेला उशी बांधून केलेलं पोट, हातात काठी. मुकादम बसतो, पावाचा घास घेतो, "पक्कं आहे" म्हणतो. कुरकुर. मुकादम थबकतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "घाबरू नका रे, माझं पोट वाजतंय!" पुन्हा घास. पुन्हा कुरकुर, जरा मोठी. "पोट! पोटच आहे!" तिसऱ्यांदा कडकड, आणि मुकादम एका बुटावर मंचाबाहेर.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. ज्यांची भावंडं खाणीत दगडाखाली राहिली होती, ती माणसं सगळ्यांत जोरात हसत होती. बायकाही हसल्या, पण पहिल्या कुरकुरीला त्यांच्यातल्या कितीजणींनी शेजारी बसलेल्या नवऱ्याची बाही धरली होती, हे देझिरेनं मंचावरून बघितलं. त्याला त्याचं भारी वाटलं. जिथं भीती बसते तिथंच गुदगुल्या होतात, हे गुपित त्याच्या हाती लागलं, आणि अशी गुपितं हाती लागलेला माणूस मग कोणाचं ऐकत नाही.

जवळच्या मोंस शहरातल्या एका थिएटरवाल्यानं त्याला उचललं. देझिरेनं खाण सोडली. झेनोब तोवर अल्फोंसीनचा नवरा झालेला होता. त्याला मनापासून बरं वाटलं. "उजेडात राहशील," एवढंच तो म्हणाला, आणि स्टेशनवर त्याची पेटी स्वतः उचलून घेऊन गेला.

मोंस झालं, शार्लरुआ झालं, ब्रसेल्स झालं. देझिरेच्या नावाची पाटी दरवेळी थोडी मोठी होत गेली. त्यानं पोलीस केले, नोटरी केले, लग्नात रडणाऱ्या मावश्या केल्या. पण शेवटी लोकांना मुकादमच लागायचा. पॅरिसला एकदा नेलं, तिथं कोणी हसलं नाही. तिथल्या लोकांना ती कुरकुर म्हणजे दार वाजल्यासारखी वाटली. देझिरे पॅरिसवर कायमचा रागावला. थिएटरात "दोरी" हा शब्द तोंडातून काढत नाहीत, तो अपशकुन. खाणीत शिट्टी वाजवत नाहीत, तोही अपशकुन. देझिरे दोन्ही काटेकोर पाळायचा. मग ज्या आवाजावर माणसांचा जीव टांगलेला, तो रोज काढताना याला काहीच कसं वाटलं नाही, हे विचारायला मला तो कधी एकटा सापडला नाही.

मग रेडिओ आला. रविवारी जेवणानंतर सगळं बोरिनाज रेडिओभोवती बसायचं. आपल्या गल्लीतला पोरगा, आपला आवाज, आणि आपला मुकादम! सोमवारी शाळेत पोरं बाकाखाली कुरकुर काढायची. दुकानात, ट्राममध्ये, चर्चच्या दारात कुरकुर. आणि कोणी काढली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचंच, "माझं पोट वाजतंय!" हळूहळू ही गंमत माणसं खाली नेणाऱ्या पाळण्यात बसून खाणीत उतरली. काळोखात कोणीतरी कुरकुरायचं, पलीकडच्या बोगद्यातून उत्तर यायचं, आणि हसू फिरत फिरत शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. काम हलकं व्हायचं, हेही खरंच.

त्या वर्षीच्या पानगळीत झेनोब ब्रसेल्सला आला. दुपारच्या खेळाआधी त्यानं देझिरेच्या रंगखोलीचं दार वाजवलं. अंगात लग्नातला कोट, हातात अल्फोंसीननं दिलेला साखरेचा टार्ट फडक्यात बांधलेला. तो मखमली खुर्चीवर बसला नाही. आपल्या पँटला कोळसा असेल असं त्याला अजूनही वाटायचं.

"काय रे, तू आणि थिएटरात?" देझिरेनं त्याला मिठी मारली. "पहिल्या रांगेत बसवतो तुला. आज मुकादम बघूनच जा."

"रोज बघतो," झेनोब म्हणाला. "खाली रोज असतो तुझा मुकादम."

देझिरे हसला. झेनोब थांबला. त्याला एवढं बोलायची सवय नव्हती.

"परवा लाकूड बोललं. खरंखुरं. मी हात वर केला. माझ्या टोळीतली दोन पोरं 'पोट वाजतंय' म्हणून हसली. हसत उभी राहिली, देझिरे. मी गचांडी धरून ओढलं त्यांना. त्या वेळी मोडलं नाही लाकूड, नुसतं बोलून थांबलं. पण ती उभी राहिली."

"पोरं आहेत. सांग त्यांना समजावून."

"मी सांगून काय होणार? मला कोण रेडिओवर ऐकतंय? तू सांग. बार्बच्या सणाला ये, मंचावर उभा राहा आणि सांग की खाली हा आवाज काढायचा नाही. तुझं ऐकतील."

"आणि मुकादम?"

"मुकादम तू बंद कर," झेनोब म्हणाला. "तुझ्याकडे आहेत की बाकीच्या नकला. त्या रडणाऱ्या मावश्या. अल्फोंसीनला त्या आवडतात."

आरशात देझिरेला आपला चेहरा दिसत होता, अर्धा रंगवलेला. मावश्यांवर नावाची पाटी एवढी मोठी होत नाही, हे त्याला माहीत होतं, झेनोबला नव्हतं. तरी त्यानं झेनोबचा खरखरीत हात हातात घेतला.

"शब्द देतो. सणाला येईन आणि सांगेन."

झेनोबनं टार्ट टेबलावर ठेवला, फडकं घडी करून खिशात घातलं आणि खेळ न बघताच गाडी पकडायला गेला. त्याला दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं.

सणाला देझिरे आला, हे खरं. सभागृहात मुंगीला वाट नव्हती. खिडक्यांत पोरं, भिंतींना टेकून म्हातारे, आणि मागच्या बाजूला नुकतेच भरती झालेले इटालियन मजूर टोप्या हातात धरून उभे. त्यांना बोलणं कळत नव्हतं, पण बिअर सगळ्यांना फुकट होती. दुसऱ्या रांगेत झेनोब आणि अल्फोंसीन. झेनोब कधी नव्हे तो हसतमुख होता.

देझिरेनं मावश्या केल्या. लोक हसले. नोटरी केला. लोक हसले, पण पाय वाजवायला लागले. लाकडी बूट फरशीवर एका तालात. "मुकादम! मुकादम!"

त्यानं हात वर केला, अगदी झेनोबसारखा. सभागृह गप्प झालं.

"मित्रांनो," तो म्हणाला, "मुकादम मेला. आजपासून तो नाही. आणि तुम्हीही खाली त्याचा आवाज काढू नका. लाकडाची थट्टा बरी नाही. माणसं मरतील."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला. देझिरे एवढा गंभीर चेहरा करून उभा, म्हणजे आता काहीतरी होणारच! हसू वाढत गेलं. "मी खरं सांगतोय," तो म्हणाला, आणि लोकांनी मांड्या बडवल्या. "ऐका ना, देवाशपथ!" एक म्हातारा खुर्चीवरून घसरला. आयुष्यभर ज्यानं लोकांना हसवलं, त्याचं खरं कोण ऐकणार?

तिथंच त्याला खाली उतरता आलं असतं. लोक रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, आणि घरी जाताना कदाचित विचारात पडले असते. झेनोब त्याच्याकडे बघत होता आणि मानेनं हळूच खुणावत होता, ये, उतर. पण समोर सगळं गाव तोंड उघडून बसलं होतं, आणि त्या हसण्यावर वाढलेल्या माणसाला ते अर्ध्यावर सोडवेना. देझिरेनं जीभ टाळूला लावली.

त्या दिवशीसारखी कुरकुर त्यानं आधी कधी काढली नव्हती, नंतरही नाही. छताकडे बघणारी माणसं होती. "घाबरू नका रे!" तो ओरडला, आणि पुढचं सगळ्या सभागृहानं एकदम पुरं केलं, "माझं पोट वाजतंय!"

झेनोब उठला. त्यानं टोपी घातली, अल्फोंसीनचा हात धरला आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेला. लोकांना वाटलं, त्याला बिअर चढली.

मार्चमध्ये सेंत-ओद खाणीचा भोंगा अवेळी वाजला. देझिरे ब्रसेल्सहून पोचला तोवर फाटकाशी बायका उभ्या होत्या, सकाळपासून. लोकांनी त्याला वाट करून दिली. एका बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि नुसत्या सवयीनं तिच्या ओठांचा कोपरा वर गेला. मग तिला आपण कुठं उभ्या आहोत ते आठवलं आणि तिनं तोंडावर शाल घेतली. तो ओठांचा कोपरा देझिरेला पुढं जन्मभर दिसत राहिला.

झेनोबला सगळ्यांत शेवटी काढलं. त्याच्या टोळीतलं फक्त एक माणूस जिवंत वर आलं होतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी दगडाचा दाब वगैरे सांगितलं. देझिरेला कोणी काही बोललं नाही. उलट लोक त्याचा हात हातात घेत होते. दफनाच्या दिवशी एक तरुण विधवा मुद्दाम त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांना तुमचं फार वेड होतं हो. शेवटच्या सकाळीसुद्धा उतरताना तुमचंच काहीतरी करून सगळ्यांना हसवत होते." तिला वाटलं, त्याला तेवढंच बरं वाटेल. त्यानं तिला काय उत्तर दिलं ते त्याला आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो अल्फोंसीनच्या स्वयंपाकघरात, झेनोब बसायचा त्याच जागेवर कॉफी पीत बसला होता. दार वाजलं. दारात एक इटालियन उभा होता, सावेरिओ नावाचा, झेनोबच्या टोळीतून वाचलेला. कपाळावर टाके, टोपी दोन्ही हातांत. तो मजुरांच्या बराकीत राहायचा. तिथं रेडिओ नव्हता. सणाच्या दिवशी तो या देशात आलेलाही नव्हता. खुर्चीवर बसलेला माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अल्फोंसीननं त्याला खुर्ची दिली, कॉफी ओतली. तो तुटक तुटक बोलायला लागला.

"मादाम, मी सांगायला आलो. तुमचा माणूस चांगला. लाकूड क्र्र्र केलं, त्यानं हात वर. मी हात बघितला, पळालो. बाकी नाही पळाले. एक माणूस बोलला, पोट. सगळे हसले. पोट, पोट! झेनोब ओरडला. मग परत मागे गेला, धक्के मारत होता एकेकाला, पळा, पळा. ते हसत होते, मादाम. मग..." त्यानं हात टेबलावर आडवा पाडला.

दोघंही टेबलावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. सावेरिओला वाटलं आपलं बोलणं नीट समजलं नाही.

"मी रोज विचार करतो. मला भाषा येत नाही, म्हणून मी नाही हसलो. म्हणून मी इथं. पण त्यात हसायचं काय होतं? पोटाचं काय?"

अल्फोंसीननं कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. मग भावाकडे वळली.

"सांग त्याला."

"फोंसीन, नको."

"तो विचारतोय. सांग. तुझ्याइतकं चांगलं कोणाला जमणार?"

देझिरेनं सांगितलं. आधी अडखळत, मग नीट. मुकादम कसा बसतो, कसा पाव खातो, काठीनं कसं ठोकतो. हात आपोआप हलायला लागले. इतक्या वर्षांची सवय. सावेरिओ लक्ष देऊन ऐकत होता, शाळेतल्या पोरासारखा. धिरा कुरकुरतो इथवर येऊन देझिरे थांबला.

"पुढं?" अल्फोंसीन म्हणाली.

"पुढं तो आवाज येतो."

"मग काढ. आवाजाशिवाय त्याला कसं कळणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. देझिरेनं तिच्याकडे बघितलं, आणि ती आपल्याला यातून सुटू देणार नाही हे त्याला कळलं. त्यानं जीभ टाळूला लावली, घसा आवळला आणि हवा थोडी थोडी सोडली.

खुर्ची उलटी पडली. कप फुटला. सावेरिओ दाराच्या चौकटीवर खांदा आपटून बाहेर गेला, अंगण ओलांडून, कबुतरांच्या खुराड्यापलीकडे, कुंपणापर्यंत. तिथं पोचल्यावर त्याला वर आकाश दिसलं. तो वळला आणि घराकडे बघत तसाच उभा राहिला, धापा टाकत. अल्फोंसीननं दारातून हाक मारली, दोनदा. तो आत यायला तयार नव्हता.

तिनं खुर्ची उचलून सरळ केली. मग वाकून कपाचे तुकडे वेचायला लागली.

"बघितलंस?" ती खालूनच म्हणाली. "असं पळायचं असतं."